हॉर्टिकल्चर म्हणजे माळीकाम? चार वर्षांत नक्की काय शिकतो आपण

(ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा नेट पुरत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे'आणि 'ॲक्च्युली' शक्य तितके कापलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

गेल्या आठवड्यात अंबड तालुक्यातल्या एका मुलीची व्हॉइस नोट आली. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत सांगते: "ताई, बारावी झाली, सीईटी दिली. ॲग्रीला नंबर लागेल न लागेल, हॉर्टिकल्चरला लागेल असं सगळे म्हणतायत. बाबा म्हणतात, माळीकाम शिकायला चार वर्षं आणि होस्टेलचा खर्च कशाला करायचा? झाडं तर आपण घरीच लावतो. फॉर्म भरायचाय, बाबांना काय सांगू?"

मी स्वतः जालन्याकडची. बीएस्सी हॉर्टिकल्चर केलं दापोलीला, कोकण कृषी विद्यापीठात. त्यामुळे हा प्रश्न मलाही ऐकवला गेलाय, आणि तोही लग्नात, जेवणाच्या पंगतीत. म्हणून आज पाहुणे नाहीत. आज मीच बोलणार.

आधी एक सांगते, बाबांचा प्रश्न चुकीचा नाही. चार वर्षं आणि पैसे दोन्ही खरे आहेत. आणि झाडं आपण घरी लावतोच. मग विद्यापीठात वेगळं काय?

कापूस आणि मोसंबी यातला फरक

कापसाचं बियाणं बोगस निघालं तर एक हंगाम जातो. वाईटच आहे ते, पण पुढच्या जूनमध्ये दुसरं बियाणं टाकता येतं. मोसंबीचं रोप चुकीचं निघालं तर ते कळतं कधी? पाचव्या-सहाव्या वर्षी. तोपर्यंत खड्डे, शेणखत, ठिबक, पाणी, राखण सगळं होऊन गेलेलं असतं. बागायती आणि इतर शेती यात हाच मोठा फरक आहे, आणि म्हणूनच उद्यानविद्या हा वेगळा विषय झाला.

आमच्या मामांचं उदाहरण देते. पाच एकर मोसंबी, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास झाडं. रोपं एका खासगी रोपवाटिकेतून आणली, स्वस्त मिळाली. चौथ्या वर्षी झाडं अशी हिरवीगार की रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. पाचव्या वर्षापासून बुंध्यातून डिंक यायला लागला, पानं पिवळी, फांद्या वरून वाळायला लागल्या. डिंक्या. मामांनी बोर्डोपेस्ट लावली, औषधं ओतली, कुणी सांगितलं ते सगळं केलं. आठव्या वर्षापर्यंत अर्धी बाग जेसीबीने काढावी लागली. पावतीवर फक्त 'मोसंबी रोपे' एवढंच लिहिलेलं. खुंट कोणता, डोळा कुठल्या झाडाचा, काही नाही. भरपाई कसली मागणार?

दापोलीला दुसऱ्या वर्षाला रोपवाटिकेचा पेपर शिकताना मला कळलं की मामांच्या बागेत काय झालं होतं. मोसंबीचं रोप म्हणजे दोन झाडं एकत्र असतात. खाली मुळांचं झाड, त्याला खुंट म्हणतात, ते जंबेरीचं किंवा रंगपूर लाईमचं असतं. वरती मोसंबी. जंबेरीच्या कोवळ्या रोपावर मोसंबीचा एक डोळा, म्हणजे एक कळी सालीसकट काढून बसवतात. याला आपल्याकडे डोळा भरणे म्हणतात. आता डिंक्या करणारी फायटोफ्थोरा ही बुरशी राहते मातीत, आणि तिला ओल लागते. मोसंबीची साल तिच्यापुढे नाजूक, खुंट त्या मानाने चिवट. म्हणून डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर भरायचा, लावताना तो जोड मातीच्या वर ठेवायचा आणि बुंध्याला पाणी लागू द्यायचं नाही. मामांच्या झाडांचा जोड चार बोटांवर होता. लावताना तोही मातीत गेला. वरून पाटाचं पाणी.

वीतभर आणि चार बोटं, एवढाच फरक. पण तो माहीत असणारा माणूस रोपं घेताना सोबत असता तर पाच एकर वाचले असते. रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून कायदा आहे, परवाना लागतो, मातृवृक्षांची नोंद ठेवावी लागते. पण कायदा असून काय, पावती वाचता येणारा ग्राहकही लागतो ना.

कलम: ज्याच्यावर सगळं उभं आहे

हॉर्टिकल्चरच्या मुलांना चार वर्षांत सगळ्यात जास्त काय लक्षात राहतं विचाराल तर कलमं. दापोलीतला जून-जुलै म्हणजे पाऊस असा की आमच्याकडच्या माणसाला वाटावं आभाळ फाटलं. जालन्यात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पडतो, दापोलीत ३५०० च्या घरात. त्या पावसात, शेडखाली, चाकू घेऊन आम्ही कोय कलमं करायचो.

पद्धत सांगते. आंब्याच्या ताज्या कोयी गादीवाफ्यात रुजत घालायच्या. रोप उगवून दहा-पंधरा दिवसांचं झालं, पानं अजून तांबूस आहेत, तेव्हा ते कोयीसकट उचलायचं. खोड वरून छाटायचं आणि मधोमध खाली चीर द्यायची. तोवर चांगल्या हापूसच्या झाडावरची तीन-चार महिन्यांची काडी आणून ठेवलेली असते. तिची पानं आठ-दहा दिवस आधीच काढलेली, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. तिचं टोक पाचरीसारखं तासायचं, चिरेत बसवायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीने गच्च बांधायचं. झालं.

ऐकायला सोपं आहे. हातात घेतलं की कळतं. सालीच्या खाली एक पातळ, ओलसर, हिरवट थर असतो, त्याला कॅम्बियम म्हणतात. रोपाचा हा थर आणि काडीचा हा थर एकमेकांना टेकला तरच जोड धरतो. काडी रोपापेक्षा बारीक असेल तर मध्यभागी बसवायची नाही, एका कडेला सरकवायची, निदान एक बाजू तरी जुळली पाहिजे. हे एक वाक्य पुस्तकात आहे, पण ते बोटांना कळायला शंभर कलमं लागतात. आमच्याकडे शिकवायला उभे असलेले रोपवाटिकेतले मजूर काका शाळा जेमतेम शिकलेले होते, आणि त्यांची कलमं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त जगायची. तर हो, बाबांचं 'माळीकाम' हे त्यात आहेच. आणि ते हलकं काम नाही.

मग विद्यापीठ त्यात भर काय घालतं? 'का' ची भर घालतं. हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. का येत नाही? कारण हापूसच्या कोयीत एकच अंकुर असतो, आणि तो परागीभवनातून, म्हणजे दोन पालकांच्या मिसळीतून आलेला. पोर आईबापांची हुबेहूब नक्कल नसतं, तसंच. पण लिंबूवर्गात मजा बघा. जंबेरीच्या एका बीमधून दोन-तीन रोपं येतात. त्यातलं बहुतेक वेळा एखादंच संकराचं असतं, बाकीची थेट आईच्या पेशींपासून तयार झालेली, आईची कार्बन कॉपी. म्हणून जंबेरीचे खुंट बियांपासून करूनही सारखे निघतात, फक्त वाफ्यातली वेगळी दिसणारी, खुरटी रोपं उपटून टाकायची. ही उपटायची रोपं ओळखता येणं हे शिक्षण आहे. जो उपटत नाही, त्याच्या बागेत दहाव्या वर्षी एक झाड छपराएवढं आणि शेजारचं गुडघ्याएवढं.

झाडाला उपाशी ठेवायचं शास्त्र

दुसरी गोष्ट, जी मराठवाडा-विदर्भाच्या मुलांना घरून माहीत असते पण कारण माहीत नसतं, ती म्हणजे बहार धरणं. डाळिंब, मोसंबी, संत्रा आपल्या हवामानात वर्षातून दोन-तीनदा फुलू शकतात. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार जून-जुलैत, हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तिन्ही घेतले तर झाड खलास आणि फळही बारीक. म्हणून एक निवडायचा. कसा? पाणी तोडायचं. ताण द्यायचा.

ताण दिला की नवी पालवी थांबते. पानांनी बनवलेलं अन्न वाढीत खर्च होत नाही, फांद्यांत साठतं. मग छाटणी, खत आणि पाणी दिलं की साठवलेल्या ताकदीवर झाड फुलांनी फुटतं. हलक्या मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत बसता बसत नाही, कारण पाणी तोडलं तरी माती ओल धरून ठेवते. म्हणजे मृदाशास्त्राचा जो पेपर पोरं रडत रडत पास होतात, तो थेट इथे लागू पडतो. आणि बहार कुठला धरायचा हे फक्त झाडावर नाही. उन्हाळ्यात विहिरीत पाणी आहे का? त्या वेळी तेल्या रोगाला पोषक पाऊस आहे का? फळ बाजारात जाईल तेव्हा भाव काय असेल? एका निर्णयात चार विषय.

डाळिंबावरून आठवलं. आपण खातो ती डाळिंबं कुठून आली याचा इतिहास मला तरी सिनेमासारखा वाटतो. पुण्यात गणेशखिंडला डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये आळंदीच्या डाळिंबाच्या रोपांतून एक झाड निवडलं. तेच पुढे 'गणेश' म्हणून प्रसिद्ध झालं. मग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या गणेशचा गुल-ए-शाह रेड या लाल रशियन जातीशी संकर झाला, आणि त्यातून मृदुला आणि भगवा मिळाले. आज सांगोल्यात, सटाण्यात डाळिंबावर बांधलेले जे बंगले दिसतात, त्यांच्या पायात सरकारी पगारावरच्या शास्त्रज्ञांची अनेक वर्षं आहेत. दापोलीच्या विद्यापीठाचंही तसंच. वेंगुर्ल्याच्या केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना आला, मग रत्ना आणि हापूस यांच्यापासून सिंधू, ज्याची कोय इतकी पातळ की जवळजवळ नाहीच. आंब्याचा नवा संकर फळायला वर्षं लागतात, मग ते फळ वर्षानुवर्षं तपासायचं. ज्यांना पटकन निकाल हवा त्यांनी आंब्याच्या पैदाशीत पडू नये, हे माझं प्रामाणिक मत.

हापूस एक वर्ष भरभरून येतो, दुसऱ्या वर्षी रुसतो, हे माहीत असेल. त्यावर पॅक्लोब्युट्राझॉल नावाचं संजीवक वापरतात, बाजारात कल्टार म्हणून मिळतं. ते झाडातलं जिबरेलिन बनणं कमी करतं, वाढ रोखली जाते, मोहोर येतो. मात्रा झाडाच्या घेरावर ठरते, आणि पावसाळ्यात मुळांजवळ देतात. पण खत-पाणी न देता, किंवा जास्त मात्रेत वर्षानुवर्षं ओतलं की झाड थकतं. कराराने दोन-तीन वर्षं बाग घेणाऱ्याला झाड थकलं तरी फरक पडत नाही, मालकाला पडतो. यात शास्त्र किती आणि हिशेब किती, हे मी तुमच्यावर सोडते.

फळ तोडल्यावरही विषय संपत नाही

काढणीपश्चात तंत्रज्ञान हा विषय मला वाटतं नोकरी-धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात दुर्लक्षित आहे. साधी गोष्ट: आंबा, केळी, चिकू तोडल्यावर पिकतात. द्राक्षं, डाळिंब, मोसंबी तोडल्यावर पिकत नाहीत, जशी तोडली तशीच राहतात किंवा सुकतात. म्हणून हिरवा आंबा पाठवता येतो, आंबट द्राक्ष पाठवून उपयोग नाही. आंबा पिकवायला कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे. त्याऐवजी रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू, हवेत १०० पीपीएमपर्यंत, चालतो. इथिलीन तर फळ स्वतःच सोडतं, आजी आढीत आंबे घालायची तेव्हा तेच चाललेलं असायचं. तुमच्या तालुक्यात असं चेंबर किती जणांकडे आहे, मोजून बघा. मग या विषयाची किंमत कळेल.

बरं, आता कॉलेजचं

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. हॉर्टिकल्चरची पदवी चार वर्षांची, आठ सेमिस्टर. बारावी सायन्स आणि एमएचटी-सीईटी, मग सीईटी कक्षाची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया. नियम आणि पात्रता त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचा, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत नाही. नव्या अभ्यासक्रमात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायचीही सोय आहे, पण ती नाइलाज म्हणून असू द्या.

अभ्यास इंग्रजीतून. पहिलं सेमिस्टर मराठी माध्यमाच्या पोरांना जड जातं, खोटं कशाला बोलू. त्यात लॅटिन नावं. मोसंबीला 'सिट्रस सायनेन्सिस' म्हणायची सवय होईपर्यंत दिवाळी येते. शिवाय संख्याशास्त्र, आनुवंशिकी, कीटकशास्त्र, रोगशास्त्र, मसाला पिकं, फुलशेती, लँडस्केपिंग. ज्यांना वाटतं चार वर्षं झाडांना पाणी घालायचंय, त्यांची पहिल्या महिन्यातच निराशा होते.

पर्याय भरताना एक फरक नीट बघा. विद्यापीठाचं स्वतःचं कॉलेज वेगळं आणि विद्यापीठाला संलग्न खासगी कॉलेज वेगळं. पदवी दोन्हीकडे त्याच विद्यापीठाची, फीमध्ये मोठा फरक. पण मी फीइतकंच दुसरं काहीतरी विचारेन: तुमच्याकडे फळबाग किती एकर आहे? रोपवाटिका आहे का, आणि मुलं त्यात स्वतःच्या हाताने कलमं करतात की फक्त बघतात? प्रवेशाच्या आधी एकदा जाऊन या. कुणी अडवत नाही. खासगी असून उत्तम बाग ठेवणारी कॉलेजं असतात. आणि गेटवर मोठा बोर्ड, मागे चार कुंड्या अशीही असतात.

शेवटच्या वर्षात एक सेमिस्टर गावात काढावं लागतं, ग्रामीण उद्यानविद्या कार्यानुभव. शेतकऱ्याच्या घरी, बांधावर जाऊन शिकायचं आणि शिकवायचं. इथे तीन वर्षांचं इंग्रजी परत मराठीत आणावं लागतं, आणि खरी परीक्षा तीच. आमच्या गटातल्या एकाने शेतकऱ्याला 'फायटोफ्थोरा रूट रॉट' वर दहा मिनिटं भाषण दिलं. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मर का रे बाळा?" सगळे हसलो. पण बघा, आजोबांना रोग माहीत होता, पोराला नाव माहीत होतं, आणि दोघांचं जुळायला दहा मिनिटं गेली. नंतर त्या पोरानेच आजोबांना बुंध्याभोवती दोन आळी करून दाखवली, आतलं कोरडं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात. त्यासाठी इंग्रजी लागलं नाही.

नोकरीचं काय?

हा प्रश्न बाबा शेवटी विचारतात, पण मनात पहिला असतो. एमपीएससीच्या कृषी सेवेला ही पदवी चालते, म्हणजे तालुका कृषी अधिकारी, मंडळ कृषी अधिकारी वगैरे. सरकारी बँकांमधल्या कृषी अधिकारी पदासाठी आयबीपीएसची परीक्षा असते, तिच्या पात्रतेच्या यादीत हॉर्टिकल्चर आहे. पुढे एमएस्सी, पीएचडी, संशोधन. खासगीत टिश्यू कल्चर, ठिबक, निर्यात, पॅकहाऊस, लँडस्केपिंग.

पण सरकारी जाहिरात कधी येईल याचा भरवसा धरून आयुष्य टांगून ठेवू नका. माझ्या बॅचमध्ये तीन-तीन, चार-चार वर्षं पुण्यात खोली घेऊन अभ्यास करणारे आहेत. काही झाले अधिकारी, मला अभिमान आहे त्यांचा. काही अजून तिथेच आहेत, आणि गावाकडे त्यांची बाग दुसरा कुणी करतोय. सुरुवातीचे खासगी पगारही फार नसतात, दोन वर्षं फिरतीची नोकरी करायची तयारी लागते. मुलींना तर 'फिल्डवर कशी जाशील' हा प्रश्न मुलाखतीतच येतो. गाडी चालवायला शिकून घ्या, इतकं सांगेन. मला पहिली नोकरी त्यामुळेच मिळाली असं मला वाटतं.

आणि रोपवाटिका. परवाना, स्वतःची मातृवृक्षांची बाग, शेडनेट, दोन हुशार कलम करणारे हात. जिथे मोसंबी, डाळिंब, आंबा लागतो तिथे खात्रीच्या रोपाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. उलट आगाऊ बुकिंग असतं. फक्त पावतीवर खुंटाचं नाव लिहायची हिंमत पाहिजे.

तर अंबडच्या मैत्रिणी, तुझ्या पसंतीक्रमाबद्दल. ॲग्रीला नंबर लागला तर हॉर्टिकल्चर सोड असं मी म्हणणार नाही, आणि उलटंही म्हणणार नाही. ॲग्रीमध्ये सगळं थोडं थोडं असतं, कापूस-सोयाबीनपासून जनावरांपर्यंत. इथे फळं, भाज्या, फुलं, मसाले यांच्यात खोल जायचं असतं. घरी मोसंबी असेल, झाडाजवळ थांबायला आवडत असेल, तर विद्यापीठाच्या कॉलेजला हॉर्टिकल्चर वर टाक. फॉर्म भरण्याआधी बाबांना घेऊन परभणीला जा, एका दिवसात जाऊन येता येतं. रोपवाटिकेत उभ्या असलेल्या कुणाही मुलाला किंवा मुलीला विचार की हे मोसंबीचं कलम कोणत्या खुंटावर आहे आणि डोळा इतक्या वर का भरलाय. बाबांना उत्तर ऐकू दे.

पुढच्या भागात तेल्याबद्दल बोलायचंय, सोबत एक डाळिंबवाले काका असतील. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटनेच पाठवा, आणि पाठवताना तालुका आणि जमीन कशी आहे ते नक्की सांगा.